कॅनरमधला (बरण्यांत भरलेले अन्न टिकवण्यासाठी ते वाफेच्या दाबाखाली तापवायच्या मोठ्या भांड्यातला) दाब स्थिर कसा ठेवावा, आणि तो मध्येच उतरला तर कमी पडलेली मिनिटे शेवटी वाढवून चालते का?

नाही, चालत नाही. दाब ठरलेल्या आकड्याखाली गेला की तोवरची सगळी मिनिटे बाद होतात. दाब पुन्हा चढवून पूर्ण वेळ पहिल्या मिनिटापासून मोजावी लागते. हे इतक्या ठामपणे लिहितो आहे, कारण याच मुद्द्यावरून माझा आणि माझ्या मेहुण्यांचा जो वाद झाला तो अजून मिटलेला नाही.

आम्ही फरसबीच्या बरण्या लावल्या होत्या. काटा जरा वर गेलेला पाहून मेहुण्यांनी आच एकदम बारीक केली, काटा ११ पौंडांवरून (दर चौरस इंचाला) घसरत ८ च्या जवळ आला, आणि मी वेळ नव्याने लावू लागलो तेव्हा ते म्हणाले, "पाच मिनिटे कमी पडली, तर पाच जास्त ठेवा." मेहुणे आयुष्यभर जमाखर्च लिहीत आले आहेत; शिल्लक कुठेही जुळवता येते, अशी त्यांची समजूत आहे.

बोट्युलिझमच्या, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या अन्नविषबाधेच्या, जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात, म्हणून भाज्या आणि मांस यांसारख्या कमी आम्लाच्या, म्हणजे ४.६ हून अधिक सामू (pH) असलेल्या पदार्थांना ११६ ते १२१ अंश सेल्सिअस तापमान लागते, आणि ते सलग टिकेल असे धरूनच वेळ ठरवलेली असते. दाब उतरल्यावर बरणीचा मधला भाग किती निवला हे काटा सांगत नाही. मग पाचच मिनिटे कशावरून? शिवाय दाब झपाट्याने उतरला की बरणीतले पाणी उसळून बाहेर पडते. आमच्या काही बरण्यांतले पाणी बरेच खाली गेले होते, आणि एकीचे झाकण तर शेंगेचा तुकडा अडकल्यामुळे बसलेच नव्हते. जास्त शिजून शेंगा मऊ पडल्या, हे मेहुण्यांचे म्हणणे मात्र खरे आहे.

दाब स्थिर ठेवण्यासाठी एवढेच, की वाफेची धार सलग सुरू झाल्यावर ती दहा मिनिटे निघू द्यावी आणि मगच वाफेच्या तोंडावर वजन लावावे, कारण आत हवा राहिली तर काटा पुरेसा दाब दाखवतो पण तापमान कमी असते. आकडा गाठायच्या आधीपासून आच थोडीथोडी कमी करत आणावी आणि काटा आकड्याच्या किंचित वरच राहू द्यावा. शेवटी कॅनर आपोआप निवू द्यावा. वर गार पाणी ओतू नये.

११ पौंड हा आकडा काट्याच्या गेजसाठी (दाबमापकासाठी) आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरपर्यंतच्या उंचीसाठी आहे. त्याहून वर तो वाढतो. वजनाच्या गेजला, म्हणजे काट्याऐवजी वजनाने दाब राखणाऱ्या प्रकाराला, १० पौंड पुरतात, पण सुमारे ३०० मीटरच्या वर १५ लागतात. काट्याचे गेज दरवर्षी तपासून घ्यावे आणि त्यात दोन पौंडांहून अधिक फरक निघाला तर बदलावे. मेहुणे आता म्हणतात की हेच काम साध्या कुकरमध्ये निम्म्या त्रासात होते. परंतु लहान कुकर लवकर तापतो आणि लवकर निवतो, आणि कॅनरच्या वेळा ठरवताना तापण्या-निवण्यातली उष्णताही हिशेबात धरलेली असल्यामुळे त्या वेळा कुकरला लागू पडत नाहीत.