वाचकांचे प्रश्न : आठ दिवस झाले, काम कुठे आहे?

प्रश्न : सहा महिन्यांसाठी आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक म्हणून मी परदेशात आलो आहे. येथे येऊन आठ दिवस झाले, तरी मला नेमून दिलेले असे काम नाही. कार्यालयात सगळे त्यांच्या भाषेत बोलतात आणि ज्या कुटुंबात माझी सोय केली आहे, तेथे मला स्वतःचे ताटही उचलू देत नाहीत. रात्री दोन वाजता जाग येते आणि आपण उगाच आलो असे वाटते. नव्याचे नऊ दिवससुद्धा माझ्या वाट्याला आले नाहीत. काय करावे?

उत्तर : आधी झोपेचे पाहू, कारण रात्री दोन वाजता सुचलेल्या विचारांवर कोणताही निर्णय घेऊ नये. घड्याळ जितके तास पुढे किंवा मागे गेले असेल, साधारण तितके दिवस शरीराला नव्या वेळेशी जुळवून घ्यायला लागतात. दिवसा उजेडात वावरावे आणि दुपारची झोप लांबवू नये.

मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९५४ मध्ये रिओ दि जानेरो येथील भाषणात, परक्या देशात गेल्यावर येणाऱ्या अशा अवस्थेची (‘कल्चर शॉक’) लक्षणे सांगितली होती. वरचेवर हात धुणे, पिण्याच्या पाण्याची नको इतकी काळजी आणि शून्यात लागलेली नजर ही त्यांपैकी काही. सुरुवातीला सगळे छान वाटते आणि मग उदासी येते, असा क्रम त्यांनी मांडला होता. पण तो सर्वांच्या बाबतीत तसाच घडतो असे नाही, आणि तुमची उदासी आधी आली म्हणून तुमचे काही चुकले असेही नाही.

काम नसण्याबद्दल मात्र माझे मत तुम्हाला कदाचित रुचणार नाही. आठव्या दिवशी काम नसणे हेच बहुधा योग्य आहे. परदेशांत स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकेच्या पीस कोअर या सरकारी संस्थेत (स्थापना १९६१) दोन वर्षांच्या कामाआधी साधारण तीन महिने भाषा आणि प्रशिक्षण यांसाठी ठेवलेले असतात. मी स्वतः अशाच एका कामावर गेले असताना तिसऱ्याच दिवशी, रिकामे बसवेना म्हणून, औषधांची सगळी खोकी नावांच्या अक्षरक्रमाने लावून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी तेथील परिचारिका रुग्णांना ताटकळत ठेवून फळीफळीवर शोधाशोध करत होती. रोज लागणारे हाताशी आणि क्वचित लागणारे वर, ही तिची रचना मी मोडली होती. ती मला काही बोलली नाही. संध्याकाळी तिने सगळी खोकी मुकाट्याने पूर्वीसारखी लावली.

म्हणून समन्वयकांकडे काम मागण्याऐवजी रोज एका सहकाऱ्याबरोबर दिवसभर राहण्याची परवानगी मागा. वही जवळ ठेवा आणि माणसांची नावे कानाला ऐकू येतात तशी लिहून, त्यांच्याकडूनच तपासून घ्या. घरातही ‘मदत करू का?’ असे विचारले, तर ‘नको, बसा’ हेच उत्तर मिळणार, कारण पाहुण्याला दुसरे उत्तर देताच येत नाही. ‘हे कसे करतात, मला शिकवाल का?’ असे विचारून पाहा. त्या घरात लहान मूल असेल तर फारच उत्तम. उच्चार चुकला की ते मनमोकळे हसते आणि न कंटाळता तोच शब्द दहा वेळा म्हणून दाखवते.

महिना उलटूनही कामाचे स्वरूप ठरले नाही, तर दोष संस्थेच्या नियोजनाचा आहे, आणि तसे लेखी कळवून कामाची जागा बदलून मागण्यात संकोच नसावा. मात्र रिकामपणाला कंटाळून, ज्याचे प्रशिक्षण आपण घेतलेले नाही असे काम, विशेषतः कोणाला इंजेक्शन देण्यासारखे, कोणी कितीही आग्रह केला तरी स्वीकारू नका.

प्रश्न : संस्थेने सर्व स्वयंसेवकांचे पासपोर्ट ‘सुरक्षिततेसाठी’ स्वतःकडे जमा करण्यास सांगितले आहे. द्यावा का?

उत्तर : नोंदणीपुरता दाखवावा, छायाप्रत द्यावी आणि मूळ पासपोर्ट स्वतःजवळ ठेवावा. व्हिसाच्या कामासाठी तो द्यावाच लागला, तर पोच घ्यावी आणि परत कधी मिळणार ते तीवर लिहून घ्यावे. याच निमित्ताने आपला व्हिसा स्वयंसेवेला चालतो की केवळ पर्यटनाचा आहे, हेही पाहावे. काही देशांत विनावेतन कामालाही वेगळी परवानगी लागते, आणि पर्यटक व्हिसावर काम करताना आढळल्यास जाब संस्थेला नव्हे, तुम्हाला द्यावा लागू शकतो.