उजवा हात कापतो, एमआरआय नॉर्मल आहे. ट्रोडॅट करावा की एफडीजी पेट?

तुमच्या वडिलांचं वय ६३, काही महिन्यांपासून उजव्या हाताला कंप, एमआरआय नॉर्मल. एक डॉक्टर ट्रोडॅट सुचवतात, दुसरे एफडीजी पेट. आधी एक गोष्ट: नॉर्मल एमआरआयमुळे पार्किन्सन नाही असं ठरत नाही. सुरुवातीला तो बहुधा नॉर्मलच येतो. तो काढतात मुख्यतः छोटे स्ट्रोक, गाठ, मेंदूत साठलेलं पाणी वगळायला. पीएसपी आणि एमएसए हे पार्किन्सनसारखे दिसणारे पण वेगळे आजार. पीएसपीमध्ये मध्यमेंदू आकसतो, एमएसएमध्ये पॉन्सवर (मेंदूच्या देठाच्या एका भागावर) फुलीसारखी खूण दिसते. पण पहिल्या एक-दोन वर्षांत या खुणा पुष्कळदा सापडत नाहीत.

हे दोन स्कॅन एकमेकांना पर्याय नाहीत. डोपामिन बनवणाऱ्या पेशींची टोकं स्ट्रायटममध्ये (हालचाल सांभाळणाऱ्या, मेंदूतल्या खोल भागात) किती उरली आहेत, हे ट्रोडॅट दाखवतो. इसेन्शियल ट्रेमर (पार्किन्सनहून वेगळा, कंपाचा आजार) किंवा औषधांमुळे आलेला कंप असेल तर हा स्कॅन नॉर्मल येतो. पार्किन्सनमध्ये पुटामेनचा (स्ट्रायटमच्या एका भागाचा) मागचा भाग आधी फिका पडतो, आणि कंपाच्या विरुद्ध बाजूला जास्त. म्हणजे वडिलांच्या बाबतीत डावीकडे. मात्र पीएसपी आणि एमएसएमध्येही हा स्कॅन बिघडलेलाच दिसतो, त्यामुळे या तिघांत फरक करायला तो उपयोगी नाही. तिथे एफडीजी पेट लागतो; मेंदूचा कुठला भाग किती ग्लुकोज वापरतो, हे तो दाखवतो. पार्किन्सनमध्ये पुटामेन ग्लुकोज नीट घेतं, कधी जरा जास्तच. एमएसएमध्ये पुटामेन आणि लहान मेंदू मंदावतात, तर पीएसपीमध्ये फ्रंटल लोबचा मधला भाग आणि मध्यमेंदू.

म्हणून फक्त हात कापत असेल आणि ‘इसेन्शियल ट्रेमर की पार्किन्सन’ एवढीच शंका असेल तर ट्रोडॅट. सुरुवातीपासून तोल जाऊन पडणं, नजर खाली न वळणं, उभं राहिल्यावर बीपी उतरणं किंवा लेव्होडोपाचा (पार्किन्सनच्या मुख्य औषधाचा) पुरेसा डोस देऊनही फरक न पडणं, यांपैकी काही असेल तर एफडीजी. आणि हात मांडीवर निवांत असताना कापत असेल, त्याच बाजूला हालचाल मंद आणि ताठर असेल, तर माझ्या मते दोन्हींची गरज नाही. न्यूरॉलॉजिस्टची तपासणी आणि गोळीला मिळणारा प्रतिसाद पुरेसा असतो.

पैसे भरण्याआधी औषधांची यादी काढा, हे मी आग्रहाने सांगेन. ॲसिडिटीच्या कित्येक कॅप्सूलमध्ये लेव्होसल्पिराइड असतं. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड, चक्करसाठी सिनारिझिन, मायग्रेनसाठी फ्लुनारिझिन देतात. या चारही औषधांनी कंप आणि ताठरपणा येऊ शकतो. डॉक्टरांना विचारून ती थांबवली तरी उतार पडायला काही आठवडे ते महिने लागतात. ट्रोडॅटचं चित्र बिघडवणारी औषधं वेगळी: ब्युप्रोपिऑन, मिथाइलफेनिडेट. लेव्होडोपा त्यासाठी बंद करावा लागत नाही. एफडीजीच्या आधी मात्र बरीच केंद्रं आदल्या रात्रीपासून तो थांबवायला सांगतात; हे तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच करा.

ट्रोडॅटला साधारण २० मिलिक्युरी किरणोत्सारी औषधाचं इंजेक्शन देतात, सुमारे चार तास थांबवतात आणि मग अर्धा-पाऊण तास डोकं न हलवता झोपवतात. डोकं तिरकं राहिलं तर एक बाजू उगाच कमी दिसते. स्ट्रायटममध्ये जुना छोटा स्ट्रोक असेल तर तिथे खड्डा दिसतो. म्हणून एमआरआयच्या फिल्म सोबत न्याच. एफडीजीला चार ते सहा तास उपाशी राहावं लागतं, साखर आटोक्यात हवी, आणि इंजेक्शननंतर अर्धा तास मंद उजेडात, न बोलता, मोबाइल न बघता पडून राहायचं.

रिपोर्टमध्ये नुसतं ‘अपटेक कमी’ (म्हणजे तिथे औषध कमी शोषलं गेलं) असेल तर उजव्या-डाव्या पुटामेन आणि कॉडेटचे (स्ट्रायटमच्या दुसऱ्या भागाचे) आकडे वेगळे मागा, तेही वयाशी ताडून. वयानुसार अपटेक तसाही घटत जातो.