घुंवळ (चक्कर) येते म्हणजे नेमकं काय होतं?

प्रश्न : आई ७४ वर्षांची. रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. पहाटे उठून न्हाणीकडे जाताना डोळ्यांपुढे अंधारी येते, दोनदा पडता पडता वाचली. दवाखान्यात दाब बरोबर भरतो. (सत्तरी तालुक्यातील वाचक)

उत्तर : दाब बसवून मोजला असणार. आईंना पाच मिनिटं आडवं ठेवून मोजायला सांगा, मग उभं करून एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर अंधारीचं कारण बहुधा तेच. दाबाची किंवा लघवीची गोळी, मधुमेहानं मंदावलेल्या नसा, अंगात कमी पडलेलं पाणी, यांपैकी काहीही त्यामागे असू शकतं. पाण्याचं मुद्दाम विचारा. रात्री अंगण ओलांडून जावं लागू नये म्हणून तिन्हीसांजेनंतर घोटभरही पाणी न पिणाऱ्या कितीतरी आज्या मला भेटतात. विचारल्याशिवाय एकही सांगत नाही.

गोळी स्वतःहून बंद करू नका. औषधांची अख्खी पिशवीच डॉक्टरांपुढे ओता, आयुर्वेदिक पुड्यांसकट. उठताना खाटेच्या कडेला दोन मिनिटं पाय हलवत बसायचं, मग उभं राहायचं. न्हाणीच्या वाटेवर दिवा हवाच. आणि एकादशीला उपाशीपोटी मधुमेहाची गोळी घेत असतील, तर घाम आणि थरथरीसह येणारी घुंवळ साखर उतरल्याची असू शकते. उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं, ते आधीच विचारून ठेवा.

प्रश्न : चतुर्थीला माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधताना बाबांनी वर पाहिलं आणि घर गरगर फिरलं. आता कुशीवर वळलं तरी तसंच होतं, अर्ध्या मिनिटात थांबतं. एक्स-रेत मणके झिजलेले दिसले म्हणून मानेला पट्टा दिलाय. (डिचोली)

उत्तर : या वयात एक्स-रे काढला की झिजलेले मणके बहुतेकांचे दिसतात. तुमचं वर्णन मात्र कानाकडे बोट दाखवतं. आतल्या कानात चुन्याचे बारीक कण असतात. ते जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत शिरले, की मान वर केली किंवा कूस बदलली की जग फिरतं. पट्ट्यानं ते परत जात नाहीत. कान-नाक-घशाचे डॉक्टर बाबांना झटकन आडवं करून डोळ्यांची हालचाल पाहतील, आणि निदान पक्कं झालं तर डोकं ठरावीक क्रमानं वळवून कण जागेवर आणतील. याला एप्लीची पद्धत म्हणतात. दहा-पंधरा मिनिटांचं काम, पुष्कळांना एकदोन खेपांत उतार पडतो. तोवर माटोळी, नारळ, शिडी दुसऱ्या कुणाकडे.

प्रश्न : दोन वर्षं रोज चक्करीची गोळी घेते. चालेल ना? (पेडणे)

उत्तर : नाही. प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिन असेल, तर ती थोड्या दिवसांपुरती. वर्षानुवर्षं घेतल्यास हात कापतात, चाल मंदावते, तोल आणखी जातो. गोळीचं पाकीट घेऊन या आठवड्यातच डॉक्टरांना भेटा.

प्रश्न : लगेच हॉस्पिटल गाठायचं ते कधी? (काणकोण)

उत्तर : घुंवळीबरोबर बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एका बाजूचं बळ गेलं, एकाचे दोन दिसू लागले, उभंच राहता येईना, छातीत दुखलं किंवा शुद्ध गेली, तर १०८ लावा. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. पेशंट शेवटचा धड कधी होता, ती वेळ कागदावर लिहून सोबत द्या. ग्लानीतल्या माणसाच्या तोंडात साखरपाणी ओतू नका.