पीआरची (कंपनीच्या जनसंपर्काची) माणसं रोज बातम्यांवर लक्ष कसं ठेवतात?

सकाळी साहेब ऑफिसात पोचण्याआधी कात्रणं त्यांच्या मोबाइलवर गेलेली असतात, कामाची सुरुवात तिथून. कंपनी, प्रतिस्पर्धी आणि सरकारी धोरण, तिन्हींच्या बातम्या त्यात येतात. गूगल अलर्ट (दिलेला शब्द इंटरनेटवर नव्याने आला की ईमेलने कळवणारी सेवा) फुकट आहे, पण त्यावर विसंबू नका. 'लोकमत', 'सकाळ', 'पुढारी' यांच्या जिल्हा आवृत्त्या माणसानेच चाळाव्या लागतात. कारखान्याविरुद्धची तक्रार बहुधा तिथेच आधी छापून येते. कंपनीचं नाव मराठीत दोन-तीन प्रकारे लिहिलं जातं, तेही सगळे शोधशब्दांत घाला. आणि कृपया बातमीची जागा मोजून जाहिरातीच्या दराने तिची किंमत काढू नका. जनसंपर्काच्या कामाचं मोजमाप कसं करावं हे सांगणाऱ्या 2010 च्या आंतरराष्ट्रीय बार्सिलोना तत्त्वांनी ही पद्धत नाकारली आहे. बातमीचा सूर काय आणि ती कोणी वाचली, ते लिहा.