दीड लाखाचा सेट आधी, की ऐंशीच्या आतली सरासरी?

प्रश्न : माझा मुलगा अकरावी सायन्सला आहे. दोन वर्षांपासून सुट्टीत पुण्याला मामाकडे गेला की गोल्फ खेळतो. १८ होलची त्याची सर्वांत चांगली फेरी ९१ ची. आता म्हणतो, आर्ट्सला जातो, म्हणजे सरावाला वेळ मिळेल आणि बारावी झाली की प्रोफेशनल होतो. सोलापुरात कोर्स नाही. पुण्यात नव्या सेटची किंमत १ लाख ६० हजार सांगितली. सेट घ्यावा का? आणि हा हिवाळाभर इथे राहून तो तयारी काय करणार? आम्हाला या खेळातले काही कळत नाही.
– एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर :

नमस्कार. सेट आत्ता घेऊ नका आणि सायन्स सोडू देऊ नका. खेळ मात्र चालू ठेवा. मुलाला वाटते तेवढे हे एकमेकांच्या आड येत नाही.

आधी ९१ म्हणजे काय ते पाहू. १८ होलला त्याला ९१ फटके लागले; जितके कमी तितके चांगले. कोर्सचा पार, म्हणजे सगळे होल पुरे करायला ठरवलेले फटके, ७२ धरला तर तो १९ फटके वर आहे. फक्त सुट्टीत खेळणाऱ्या मुलासाठी हे खरोखर चांगले आहे. पण प्रोफेशनलचा हिशेब वेगळा. आपल्याकडच्या पीजीटीआयच्या (भारतातल्या प्रोफेशनल गोल्फ टूरच्या) स्पर्धा साधारण चार दिवसांच्या, ७२ होलच्या असतात. दोन फेऱ्यांनंतर कट लागतो, म्हणजे मागे पडलेले खेळाडू बाहेर होतात. कट हुकला की बक्षिसाचा एक रुपयाही मिळत नाही. प्रवेश फी, प्रवास, हॉटेल, कॅडी (पिशवी वाहणारा मदतनीस) हे सगळे मात्र खिशातून गेलेले असते. तिथे कट पार करणारी मुले अनोळखी कोर्सवर, वाऱ्यात, पारच्या आसपास खेळतात, आणि ओळीने खेळतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चार दिवसांत २६९ फटके खेळून चौथी आली. कांस्यपदक २६८ वर गेले. चार दिवसांत एकच फटका कमी पडला. मुलाला १९ फटके कमी करायचे आहेत. पहिले दहा तुलनेने लवकर जातात, शेवटच्या पाचांना वर्षे लागतात.

म्हणून 'सर्वांत चांगली फेरी' हा आकडा विसरा. हँडिकॅप, म्हणजे खेळाडू पारपेक्षा साधारण किती फटके वर खेळतो तो आकडा, काढतानासुद्धा शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या ८ धरतात, एक फेरी कोणी विचारत नाही. ज्या क्लबवर तो खेळतो तिथून हँडिकॅपची नोंदणी करून घ्या. ५४ होलची कार्डे जमा झाली की सुरुवात होते. माझी फूटपट्टी सांगतो. येत्या जूनपर्यंत दहा फेऱ्यांची सरासरी ८५ च्या आत यावी, बारावी संपताना ८० च्या आत. हँडिकॅप शून्याला टेकला की मग 'प्रोफेशनल' हा शब्द घरात काढायचा. त्याआधी काढला तर मुलाचे फुकट दडपण वाढते आणि तुमचा रक्तदाब.

आता सेट. सोळाव्या वर्षी उंची अजून वाढू शकते. आज मापाने घेतलेल्या काठ्या दीड वर्षात आखूड पडू शकतात. आणि नुसती लांबीच नाही, काठीचा जमिनीशी होणारा कोनही बिघडतो. काठी त्याच्या मानाने फार उभी असली तर फटक्याच्या वेळी काठीच्या डोक्याचे (खालच्या जाड भागाचे) टोक वर उचलले जाते आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे जातो. मग मुलगा त्या डावीकडे जाण्यावर उपाय म्हणून आपला चांगला स्विंग मोडतो. हे फार वेळा होते. दुकानदार हँडिकॅप विचारतो, पण मनगटापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजतोच असे नाही. ते मोजायला लावा.

नियमाने पिशवीत जास्तीत जास्त १४ काठ्या चालतात. त्याला आत्ता सात पुरे : ड्रायव्हर (सर्वांत लांब मारायची काठी), एक हायब्रिड, ६ आणि ८ नंबरचे आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज (जवळून चेंडू उंच उचलायच्या काठ्या) आणि पटर (होलजवळ चेंडू हलकेच ढकलायची काठी). जुन्या घ्या. घेताना चार गोष्टी बघा. काठी कानाजवळ हलवल्यावर डोक्यात खडखड वाजली तर आतला गोंद सुटलेला असू शकतो. डोके आणि शाफ्ट जोडणाऱ्या काळ्या कडीखाली फट दिसली तर ती काठी सोडून द्या. ग्रॅफाइट शाफ्टवर नख फिरवा, बारीक चीर नखाला लागते. वेजच्या चेहऱ्यावरच्या (चेंडूला लागणाऱ्या बाजूवरच्या) खाचा गुळगुळीत झाल्या असतील तर चेंडूला फिरकी मिळणार नाही, तो ग्रीनवर (होलभोवतीच्या आखूड कापलेल्या गवतावर) पडून पुढे पळेल. ड्रायव्हर फार स्वस्त मिळत असेल तर नक्कल असण्याची शक्यता धरा, अनुक्रमांक तपासून घ्या. आणि सोलापूरकरांसाठी खास : मे महिन्यात सेट गाडीच्या डिकीत ठेवू नका. त्या उष्णतेत डोके चिकटवणारा गोंद मऊ पडतो आणि ग्रिप कडक होतात.

दरवर्षी येणाऱ्या नव्या ड्रायव्हरच्या जाहिरातींचे फार मनावर घेऊ नका. ड्रायव्हरच्या डोक्याचा आकार ४६० घनसेंटिमीटरच्या वर जाऊ शकत नाही, चेहऱ्याच्या उसळीलाही मर्यादा आहे. वर २०२३ च्या डिसेंबरात आर अँड ए आणि यूएसजीए या नियम ठरवणाऱ्या दोन्ही संस्थांनी चेंडूची लांब जाण्याची चाचणीही पुढे कडक करायचे जाहीर केले. लांबी विकत घेण्याच्या वाटा अरुंद होत आहेत. ती अंगातून यावी लागेल, आणि सोलापूरचा हिवाळा नेमका त्यासाठी चांगला आहे.

इथला हिवाळा थंड म्हणण्यापेक्षा कोरडा. सकाळी सात वाजता अंग आखडलेले, अकराला उन्हाचा चटका. हवा गार असली की ती दाट असते आणि चेंडूही कमी उसळतो. १० अंशांच्या फरकाने ड्रायव्हरचा पल्ला साधारण तीन-चार यार्डांनी कमी होतो. मुले ते भरून काढायला जोर लावतात आणि कंबर धरते.

कंबर का धरते, ते समजून घ्या. माकडहाडाच्या वरचा भाग, म्हणजे कंबरेचे मणके, पिळायला बनलेलेच नाहीत. सगळे मिळून जेमतेम दहा-बारा अंश फिरतात. गोल्फचे फिरणे खुब्यातून आणि छातीच्या मागच्या मणक्यांतून यायला हवे. ते दोन अडलेले असले की भार कंबरेवर येतो. घरीच तपासा. मुलाला खुर्चीत बसवा, गुडघ्यांमध्ये उशी धरायला लावा, छातीवर आडवी काठी. पाय न हलवता दोन्ही बाजूंना ४५ अंश वळता आले पाहिजे. जमिनीवर खडूने रेघ आखून घ्या म्हणजे वाद नको. जमत नसेल तर पहिला महिनाभर वजन उचलणे बंद, फक्त मोकळे होणे.

आठवड्यातून तीन दिवस, ४५ मिनिटे. पहिली दहा मिनिटे भरभर चालणे आणि सूर्यनमस्काराच्या सहा फेऱ्या. मग कुशीवर झोपून वरचा हात मागे उघडत छाती वळवायची, प्रत्येक बाजूला ८ वेळा. जमिनीवर दोन्ही गुडघे काटकोनात ठेवून खुबा एका बाजूकडून दुसरीकडे न्यायचा, १० वेळा. नंतर ताकद : ८ ते १० किलोचे एकच डंबेल छातीशी धरून बैठका, १० चे ३ सेट. एक पाय पुढे घेऊन बैठक, प्रत्येक पायाला ८ चे ३. खुब्यातून वाकून उठणे, पाठीला लांब काठी लावून, डोके, पाठ आणि माकडहाड तिन्ही ठिकाणी काठी टेकलेली. ती सुटली की पाठ गोल होतेय असे समजायचे. इलॅस्टिक बँड ओढणे १२ चे ३, कुशीवरचा प्लँक २० ते ३० सेकंद. शेवटी वेग : २ किलोचा मेडिसीन बॉल पक्क्या भिंतीवर बाजूने फेकायचा, प्रत्येक बाजूला ६ चे ३. आणि ड्रायव्हर उलटा, काठीच्या डोक्याकडून धरून पूर्ण ताकदीने ५ चे ३ स्विंग. 'सूं' आवाज चेंडूच्या जागेवर किंवा किंचित पुढे आला पाहिजे. मागेच आला तर मनगट लवकर सुटते आहे. दंड-बैठका घरात कोणी शिकवत असेल तर उत्तमच, पण तालमीतला जड मुद्गल या वयात खांद्यावर फिरवू नये. बसून पोट पिळण्याचे ते प्रसिद्ध व्यायामही नकोत. वर सांगितलेले कंबरेचे दुखणे त्यांतून येऊ शकते.

दर चौथ्या आठवड्यात सगळे निम्मे. जानेवारीत तो आठवडा गड्ड्याच्या यात्रेत बसवा, नाहीतरी त्या दिवसांत कोण ऐकणार आहे?

खाण्याचे थोडक्यात. एका फेरीला चार-साडेचार तास आणि आठ-दहा किलोमीटर चालणे होते. निघताना भाकरी, दही, शेंगाची चटणी, आणि दर चार-पाच होलनंतर केळे किंवा शेंगदाणे-गूळ. हिवाळ्यात तहान लागत नाही म्हणून मुले पाणी पीत नाहीत आणि पंधराव्या होलपासून पट (पटरने होलमध्ये घालायचे फटके) चुकवतात.

फटक्यांसाठी गच्चीवर किंवा अंगणात जाळी लावा, पण क्रिकेटची नको. गोल्फचा चेंडू किमान ४२.६७ मिलिमीटरचा असतो, क्रिकेटच्या जाळीचे चौकोन बहुधा याच्या आसपास किंवा मोठे. चेंडू आरपार जातो किंवा अडकून जाळी फाडतो. चौकोन २५ मिलिमीटरच्या आतला घ्या. जाळी ताणून बांधली तर चेंडू तोंडावर परत येतो. ती पडद्यासारखी सैल सोडा, मागे जुनी सोलापुरी चादर टांगा (धुऊन मऊ झालेली, नवी कोरी नको) आणि चेंडू जाळीपासून अडीच-तीन मीटरवर ठेवा. शेजाऱ्यांची खिडकी मागे नसावी, हे सांगायला नको.

चटईखाली काँक्रीट असेल तर निदान दीड-दोन इंच जाडीचा रबर किंवा फोम हवा. पातळ चटईवर रोज शंभर फटके मारले की पुढच्या हाताचे मनगट आणि कोपर दुखू लागतात. तळहाताच्या बुडाशी, मनगटाजवळ दुखू लागले तर सराव थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, तिथे एक लहान हाड मोडू शकते. चटईचा दुसरा दोष लबाड आहे. काठी चेंडूच्या दोन इंच मागे पडली तरी ती घसरून चेंडूपर्यंत जाते आणि फटका छान वाटतो. खऱ्या गवतावर तोच फटका मातीत रुततो. उपाय सोपा : चेंडूच्या मागे दोन इंचांवर घडी घातलेला रुमाल ठेवा. रुमाल हलला की फटका वाया. दिवसाला ६० फटके, मोजून.

त्याहून जास्त वेळ पटिंगला द्या. तीन मीटरचा आखूड लोकरीचा गालिचा, पटरपेक्षा जेमतेम रुंद अंतरावर दोन टी (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंट्या), आणि १ मीटरवरून ओळीने २५. चोविसावा हुकला तर पुन्हा एकपासून. कंटाळवाणे आहे. पण ९१ मधले बरेच फटके इथेच जातात.

सायन्स का सोडू नये, हे शेवटी सांगतो, कारण मुलगा इथेच वाचणे थांबवेल. गोल्फभोवती खेळण्याव्यतिरिक्त कामे आहेत. शिकवणे हे एक, त्यासाठी इंडियन गोल्फ युनियनच्या नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडियाचे अभ्यासक्रम आहेत. फिजिओथेरपी हे दुसरे, त्याला राज्यात नीट लागते. तिसरे फारसे कोणी सुचवत नाही, ते कोर्सच्या गवताचे. आपला शेतकरी बांधावरची हरळी आयुष्यभर खणून काढतो. गोल्फ कोर्सवर तीच हरळी, म्हणजे तिच्याच कुळातल्या बुटक्या जाती, ग्रीनवर तीन-चार मिलिमीटरला कापून जपतात. तिला भोके पाडून वाळू देणे, पाण्याचा निचरा, बुरशी, खतांची मात्रा, हे सगळे शेतीचे शास्त्र आहे. बारावी सायन्स, सीईटी आणि बी.एस्सी. कृषी किंवा उद्यानविद्या. आपला जिल्हा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. आर्ट्सला गेला तर गवताचा आणि फिजिओचा, दोन्ही दरवाजे बंद.

एक सावधगिरी. पुण्यात कोणी म्हणाले, 'लहान मुलांना शिकव, पैसे देतो', तर आत्ता हो म्हणू देऊ नका. पैसे घेऊन शिकवले की साधारणपणे हौशी दर्जा जातो आणि ज्युनियर, हौशी स्पर्धांचे दार बंद होते. बक्षिसाच्या रकमेलाही मर्यादा आहे, हे मामांना सांगून ठेवा.

महिन्यातून एकदा शनिवारी हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाऊ द्या, रविवारी सकाळी फेरी आणि संध्याकाळी परत. येरवड्याचा पूना क्लबचा कोर्स किंवा बावधनकडचा ऑक्सफर्ड, जिथे मामांच्या ओळखीने पाहुणा म्हणून खेळता येईल तिथे. दर आधी फोनवर विचारून घ्या. गाडीत ड्रायव्हर या काठीच्या डोक्याला टॉवेल गुंडाळा, ग्रिप आदल्या रात्री साबण आणि ब्रशने धुवा. कोरड्या हवेत धुळकट ग्रिप हातात फिरते.

मार्चअखेर मला त्या सगळ्या फेऱ्यांची कार्डे पाठवा. प्रत्येक होलवर पट किती आणि दंडाचे फटके किती, हे वेगळे लिहिलेले हवे. सेटचे तेव्हा बोलू.