क्रूझचा पहिला दिवस: तुमचे प्रश्न आणि उत्तरं

पहिल्यांदाच क्रूझला निघालेल्यांचे बरेच प्रश्न आलेत आणि जवळजवळ सगळे पहिल्या दिवसाबद्दलच आहेत. ते बरोबरच आहे, कारण तो एक दिवस नीट गेला की पुढे फारसं काही अडत नाही.

ताई, जहाज संध्याकाळी ५ ला सुटतंय. आम्ही ४ पर्यंत पोचलो तर चालेल ना?

नाही हो, अजिबात चालणार नाही! चेक-इन साधारण तास-दीड तास आधीच बंद होतं, काही ठिकाणी त्याच्याही आधी, आणि एकदा बंद झालं की समोर जहाज उभं दिसत असलं तरी कोणी आत सोडत नाही, कारण प्रवाशांची फायनल यादी तोवर गेलेली असते. ऑनलाइन चेक-इन करताना टाइम स्लॉट मिळतो, तो लवकरात लवकर बुक करा आणि त्याच वेळेला जा. विमानाने येणार असाल तर आदल्या दिवशीच त्या शहरात येऊन राहा, हे मी प्रत्येकाला सांगते. टर्मिनलवरचं काम विमानतळासारखंच, सामान स्कॅन, पासपोर्ट, एक फोटो. मग एक कार्ड मिळतं किंवा केबिनच्या दारापाशी ठेवलेलं असतं. तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तेच पाकीट, त्यामुळे गळ्यात अडकवून टाकलेलं बरं.

मोठ्या बॅगा खालीच घेतात म्हणे. मग परत कधी मिळतात?

हो, टर्मिनलच्या दारातच पोर्टर घेतात. केबिन नंबर छापलेले टॅग आधीच प्रिंट काढून पक्के लावा. हजारो बॅगा वर चढवायच्या असतात, त्यामुळे कोणाची दुपारी येते तर कोणाची रात्री जेवण झाल्यावर, थेट केबिनच्या दाराबाहेर ठेवलेली दिसते. म्हणून हातातली छोटी बॅग विचार करून भरा. पासपोर्ट, रोजची औषधं, चष्मा, चार्जर, दागिने, मुलांचा कपड्यांचा एक जोड आणि पूलमध्ये उतरायचं असेल तर पोहायचे कपडे. पासपोर्ट आणि औषधं मोठ्या बॅगेत टाकून ती पोर्टरकडे देऊ नका म्हणजे नकाच. आणि इस्त्री, किटली, मेणबत्त्या घरीच ठेवा, आगीच्या भीतीने या वस्तू बहुतेक जहाजांवर चालत नाहीत, स्कॅनमध्ये दिसल्या की बॅग अडवून ठेवतात आणि मग तुम्हीच ती शोधत फिरता.

चढल्यावर लगेच खोली मिळते का? नाही तर तोवर करायचं काय?

बहुतेकदा दुपारी एक-दीडच्या सुमारास मिळते. तोवर वरच्या डेकवर बुफे चालू असतो, सगळे तिकडेच धावतात, पण बऱ्याच जहाजांवर दुसरंही एखादं रेस्टॉरंट उघडं असतं, तिथे शांतपणे जेवता येतं. मुलं असतील तर किड्स क्लबमध्ये नाव नोंदवून टाका. दुकानं आणि कसिनो सहसा जहाज बंदर सोडून बाहेर पडल्यावरच उघडतात, बंद दिसले म्हणून गोंधळू नका.

ते मस्टर ड्रिल म्हणजे काय? दमून आलेलो असतो, नाही गेलं तर चालतं का?

मस्टर ड्रिल म्हणजे धोक्याच्या वेळी कुठे जमायचं आणि काय करायचं याचा सराव. जायचंच. यात सूट नाही आणि नसावीच. जानेवारी २०१२ मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ इटलीच्या जिलिओ बेटाजवळ खडकावर आपटली आणि ३२ माणसं गेली. तेव्हाच्या नियमात प्रवासी चढल्यापासून २४ तासांत ड्रिल घेतलं तरी चालायचं, त्यामुळे त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो लोकांचं ड्रिल झालेलंच नव्हतं. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला, २०१५ पासून जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या ड्रिल घ्यावंच लागतं.

आता बऱ्याच जहाजांवर फोनवर किंवा केबिनमधल्या टीव्हीवर व्हिडिओ बघायचा आणि मग आपल्या मस्टर स्टेशनवर, म्हणजे जमायच्या ठरलेल्या जागी, जाऊन कार्ड स्कॅन करून यायचं, एवढंच असतं. स्टेशनचा नंबर कार्डावर असतो. धोक्याचा भोंगा म्हणजे सात छोटे आणि एक लांब, हा नीट कानात बसू द्या. माझा आग्रह एवढाच की केबिनपासून स्टेशनपर्यंत एकदा जिन्याने चालत जा, लिफ्टने नाही, कारण खरी वेळ आली तर लिफ्ट वापरायची नसते. दारातून बाहेर पडल्यावर डावीकडे की उजवीकडे, जिन्यापर्यंत मध्ये किती दारं, हे मोजून ठेवा. तिथले कॉरिडॉर लांबच लांब आणि सगळे एकसारखे दिसतात, धुरात किंवा अंधारात ही मोजलेली दारंच कामी येतात. लहान मुलांच्या मनगटावर स्टेशन नंबरचा पट्टा बांधतात, तो काढू देऊ नका.

आईला बोट लागते. पहिल्याच रात्री त्रास झाला तर?

मोठ्या जहाजांना स्टॅबिलायझर असतात त्यामुळे डुलणं बरंच कमी जाणवतं, पण समुद्र खवळलेला असेल तर जाणवतंच. केबिन अजून बुक केली नसेल तर मधल्या भागातली आणि खालच्या डेकवरची घ्या. गोळी त्रास सुरू व्हायच्या आधी घेतली तरच नीट लागू पडते, त्यामुळे निघण्यापूर्वीच त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठेवा, विशेषतः बीपी किंवा इतर औषधं चालू असतील तर. अशा गोळ्यांनी झोप येते हेही त्यांना सांगा. पोट रिकामं नको, तुडुंब भरलेलंही नको. मळमळायला लागलं तर केबिनमध्ये मोबाइलमध्ये डोकं घालून बसण्यापेक्षा मोकळ्या डेकवर येऊन लांब क्षितिजाकडे बघत बसावं.

फोन आणि पैशांचं काय?

जहाज सुटताना फोन एअरप्लेन मोडवर टाका. समुद्रात जहाजाचं स्वतःचं सॅटेलाइटवरचं नेटवर्क असतं, फोन गुपचूप त्याला जोडला गेला तर रोमिंगचं बिल फार मोठं येतं. वायफाय पॅकेज बहुतेकदा आधी घेतलं तर स्वस्त पडतं. जहाजावर खर्च कार्डावरच लिहिला जातो आणि त्यामागे तुमचं क्रेडिट कार्ड जोडलेलं असतं. डेबिट कार्ड शक्यतो देऊ नका, खात्यातली रक्कम काही दिवस अडकून राहते. बऱ्याच कंपन्या माणशी रोजची टिपही आपोआप बिलात टाकतात, तेव्हा पहिल्या रात्रीपासूनच ऍपवर हिशोब बघत जा आणि काही चुकलेलं दिसलं तर लगेच काउंटरवर सांगा, शेवटच्या सकाळी तिथे भली मोठी रांग असते.