वाचकांचे प्रश्न : छिद्र चालते, मग तडा का चालत नाही?

प्रश्न : आमच्या भागात वायुवाहिनी टाकताना एक्स-रेमध्ये बारीक छिद्रे दिसलेला एक सांधा स्वीकारण्यात आला, दुसरा मात्र केसाएवढ्या तड्यासाठी कापून काढला. असे का? शिवाय पावसाळ्यात वेल्डिंगचे रॉड भट्टीत का ठेवतात?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : दोष किती मोठा आहे याहून त्याचे टोक किती तीक्ष्ण आहे, हे अनेकदा अधिक महत्त्वाचे ठरते. वायूचा बुडबुडा अडकून राहिलेले छिद्र गोलसर असते. त्याच्या कडेला ताण वाढतो, पण चिवट पोलाद तिथे किंचित ताणले जाऊन तो सामावून घेते. तड्याच्या टोकाशी मात्र ताण एकवटतो. त्याची तीव्रता तड्याच्या खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे खोली चौपट झाली की तीव्रता दुप्पट होते, आणि ती पोलादाच्या चिवटपणाची मर्यादा ओलांडते तेव्हा एरवी पुरेसा जाड असलेला पाइपही फुटू शकतो. वेल्डचा धातू पाइपच्या कडेशी नीट एकजीव न होणे हा दोषही असाच सपाट व धोकादायक असतो. तो किरणांच्या दिशेशी तिरका असला तर एक्स-रे फिल्मवर उमटेलच असे नाही. म्हणून अल्ट्रासॉनिक म्हणजे उच्च कंप्रतेच्या ध्वनिलहरींनी केलेल्या तपासणीची जोड हवीच.

आता रॉडविषयी. रॉडवरील आवरणातील ओलाव्यापासून वेल्डिंगच्या उष्णतेत हायड्रोजन सुटतो व पोलादात शिरतो. वेल्डलगतचा भाग झटकन थंड होऊन कठीण, ठिसूळ झालेला असेल, तर तिथे काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनीही तडा जातो. कोकणातल्या पावसाळी हवेत हा धोका वाढतो. त्यामुळे कमी हायड्रोजनचे रॉड वापरण्यापूर्वी साधारण ३०० ते ४०० अंश सेल्सिअसला भाजतात, पाइपचे टोक आधी तापवतात आणि अंतिम तपासणी थोडी थांबून करतात. सेल्युलोजच्या (वनस्पतींच्या तंतूंतील द्रव्याच्या) आवरणाच्या रॉडना मात्र ठरावीक ओलावा लागतोच. ते भट्टीत भाजू नयेत.

आतील दाबामुळे पाइपभोवतीच्या गोल सांध्यावर येणारा ताण लांबीच्या शिवणीवरील ताणाच्या सुमारे निम्माच असतो, म्हणून गोल सांध्याकडे दुर्लक्ष होण्याची भीती असते. परंतु अतिवृष्टीत डोंगरउताराची माती सरकली की पाइप वाकतो आणि ती सारी ओढ थेट याच सांध्यावर येते. तेव्हा उतारावरील सांधे सपाटीवरील सांध्यांपेक्षा अधिक काटेकोरपणे तपासले जावेत, असा माझा आग्रह आहे.